सुनेच्या सोशिकपणावर किती दिवस भागवायचं?

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याच्या तेराव्याला बेळगावातल्या वडगावच्या घरी बायका जमल्या होत्या. निघताना प्रत्येकीनं माझा हात हातात घेऊन तेच सांगितलं, "किती सोसलंस बाई. तू होतीस म्हणून म्हातारीचं सोनं झालं." त्या अगदी मनापासून बोलत होत्या आणि मला ते ऐकवत नव्हतं. त्यांना ठाऊक नसलेली एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे होती. आजाराचं तिसरं वर्ष, श्रावणातली दिवेलागण. आत्या चौथ्यांदा दाराची कडी काढायला गेल्या तेव्हा मी त्यांचा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. आंघोळ घालताना त्यांनीच ते बोटानं दाखवलं आणि मलाच विचारलं, "हे कुणी गं केलं?"

हे उघड लिहायला मला दोन वर्षं लागली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणारी बाई कशाच्या बळावर टिकते, याबद्दल आपल्याकडे फार चुकीचं बोललं जातं, म्हणून लिहिते आहे. हा चिवटपणा एखादीच्या रक्तात असतो आणि एखादीच्या नसतो, असं आपण धरून चालतो. ज्या घरी म्हातारं माणूस नीट राहिलं तिथली सून चांगली, जिथं हाल झाले तिथली वाईट, की झाला निवाडा. सहा वर्षांनंतर माझं मत असं आहे की हा चिवटपणा कुणाच्या अंगचा नसतो. तो घरात बाहेरून यावा लागतो, आणि तो आणून देणं हे गल्लीचं, गावाचं आणि सरकारचं काम आहे.

मुळात आमच्याकडे या आजाराला आजार म्हणायलाच वेळ लागतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे की विसरणं हा वयाचाच भाग ठरतो. कुणी म्हातारचळ म्हणतं, कुणी देवऋषाकडे घेऊन जातं. आमच्याही घरी वर्ष असंच गेलं. मंगाईच्या जत्रेला जेवायला बसलेल्या एकाच पाहुण्याला आत्यांनी तीनदा "कधी आलासा?" म्हणून विचारलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले. भाकरी थापता थापता त्या परातीसमोर नुसत्या बसून राहिल्या, पुढं काय करायचं ते त्यांना आठवेना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पन्नास वर्षांच्या हाताच्या सवयी अशा वयानं जात नाहीत. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. त्यातल्या साठ-सत्तर टक्के माणसांना अल्झायमर असतो, काहींच्या मेंदूचा रक्तपुरवठा बिघडलेला असतो. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, उदासी यांनीही माणूस असंच विसरायला लागतं आणि ते बरं होऊ शकतं. म्हणून तर आधी डॉक्टरकडे जायचं. अल्झायमर मात्र बरा होत नाही. गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो, एवढंच. निदान झाल्यावर माणूस साधारण चार ते आठ वर्षं काढतो, काही जण त्याहून पुष्कळ जास्त.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. एखाद्या पाच हजार वस्तीच्या गावात साठीच्या पुढची पाचशे माणसं धरली, तर हा हिशेब सदतीस जणांवर येतो. येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड अशी गावं डोळ्यांपुढे आणा आणि विचार करा, आपल्याला यातली किती घरं माहीत आहेत? दोन? तीन? बाकीची दारं लावून बसली आहेत.

दाराआड काय असतं ते सांगते, कारण डॉक्टरांच्या कागदावर ते कुठंच लिहिलेलं नसतं. दिवस उजाडतो तो ओल्या अंथरुणानं. आंघोळ घालायला जावं तर "ही बाई कोण, मला नागडं करते" म्हणून ओरडा, आणि तो ओरडा भिंतीपलीकडे ऐकू जातो. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात "मला सकाळपासून उपाशी ठेवलंय", तेही नेमकं कुणी भेटायला आलं असताना. सोन्याची बोरमाळ स्वतःच तांदळाच्या डब्यात लपवायची आणि चोरीचा आळ सुनेवर. दुपार त्यातल्या त्यात बरी. ऊन उतरलं की जीव कासावीस व्हायला लागतो, येरझाऱ्या सुरू होतात, "घरी जायचं" असा एकच धोसरा. रात्री दोनला उठून चूल पेटवायची म्हणतात, म्हणून गॅसचं बटण बंद करून चावी उशाशी. मी मराठी शाळेत शिकवत होते. चार वर्षं नोकरी बाकी असताना राजीनामा दिला. पगार गेला, पेन्शन कमी झाली, शाळेतल्या मैत्रिणी हळूहळू फोन करायच्या थांबल्या. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत, मुलगा पुण्यात, दीर-जाऊ गोव्यात. माणसं वाईट नव्हती. जो तो आपापल्या भाकरीमागे होता, आणि घरात एकटी मी होते. दंडावरचा तो वळ त्या एकटेपणातून आला. म्हणून तो माफ होतो असं मी म्हणत नाही. पण तो कसा येतो हे कळलं तरच पुढच्या घरात टळेल.

संशोधक या टिकून राहण्याला लवचिकता म्हणतात. आपला शब्द सोशिकपणा. मला या दोहोंत मोठं अंतर दिसतं. सोशिक बाई वाकते आणि वाकलेलीच राहते. आपण तिला हार घालतो. तग धरणारी बाई वाकते, मग तिला थोडं सैल मिळतं, आणि ती परत सरळ होते. आमच्या वडगाव-शहापुरात हातमाग होते तेव्हा काम बरेच दिवस थांबणार असलं की ताणा सैल करून ठेवायचे. ताणलेला तसाच ठेवला तर सूत तुटणार हे विणकराच्या पोराला ठाऊक होतं. माणसाच्या बाबतीत हे आपण विसरलो. उलट सीमाभागात आपल्याला सोसण्याचं भारी कौतुक. 1956 साली आपला मराठी मुलूख कन्नड राज्यात घातला गेला तेव्हापासून आपण सोसतो आहोत, आपल्या आया-आज्यांनी सोसलं, तुरुंग सोसले, म्हणून घरातल्या बाईनंही दात-ओठ आवळून सोसावं हे आपल्याला स्वाभाविक वाटतं. माझे वडील सीमालढ्यात तुरुंगात गेले होते. पण त्यांच्या मागे सारा गाव होता. त्यांच्या अटकेनंतर आमच्या घरी धान्य कुणी टाकलं हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही, इतक्या जणांनी टाकलं होतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं दोन तालुक्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचं माणूस असलेली 81 कुटुंबं निवडली. त्यातल्या निम्म्यांच्या घरी सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, एक गृहभेट कार्यकर्ती जायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. किमान बारावी शिकलेली आणि गावची भाषा बोलणारी, एवढीच अट. थोडं प्रशिक्षण, पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. ती आजार समजावून सांगायची, माणूस चिडलं तर काय करायचं ते दाखवायची, घरातल्या इतरांना कामं वाटून घ्यायला लावायची, आणि मुख्य म्हणजे सांभाळणारीचं ऐकून घ्यायची. सहा महिन्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आजारात सांगण्याजोगा फरक पडला नव्हता. पण सांभाळणाऱ्यांचं मन सावरलं होतं, त्यांचा त्रास कमी झाला होता. आजार तेवढाच, माणूस तेच, घरही तेच. बदललं होतं एवढंच, की पंधरा दिवसांनी कुणीतरी दार वाजवत होतं. चिवटपणा कशाचा बनतो याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठं मिळालं नाही. आणि बारावी झालेल्या मुली आमच्या खानापूर तालुक्यात कमी आहेत काय?

आता भाषेकडे येते, कारण सीमाभागात हा प्रश्न इथंच जास्त चिघळतो. स्मृतिभ्रंशाचं निदान प्रश्न विचारून करतात. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, ही तीन नावं लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा. एक्स-रे कुठल्याही भाषेत एकच असतो, पण ही परीक्षा भाषेतच चालते. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला एका दवाखान्यात हे सगळं कन्नडमध्ये विचारलं. तो आयुष्यभर माग चालवून मराठीत जगलेला. सून भाषांतर करायला बसली आणि घाबरून उत्तरंही तिनंच सुचवली. त्या कागदावर जे गुण लिहिले गेले ते त्याचे नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं आपल्या भाषांत चाचण्यांचा जो संच केला, तो सुरुवातीला पाच भाषांत आला: हिंदी, बंगाली, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड. मराठी त्यात नव्हती. कन्नड आहे याचा मला आनंदच आहे, पण बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दवाखान्यात मराठी प्रश्नावली तयार असली पाहिजे, आणि माहितीचं पत्रकही मराठीत असलं पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा-वीस टक्क्यांच्या वर असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्रानं 1956 सालीच सांगून ठेवलं आहे.

मी सीमालढ्यासाठी 1 नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिवसाच्या फेरीत चालणारी बाई आहे, त्यामुळे इथवर वाचून कुणी मान डोलावली असेल. पण माझ्या घरातली गोष्ट उलट्या दिशेनं गेली तीही सांगितली पाहिजे. आत्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, घरची भाषा कन्नड. लग्न होऊन आल्या आणि पन्नास वर्षं मराठी बोलल्या, ओव्या म्हटल्या, माझ्या मुलाला मराठीत गोष्टी सांगितल्या. आजारात पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि पहिली राहते. चौथ्या वर्षी आत्यांची मराठी गेली. दिवेलागणीला "घरी जायचं"च्या जागी "मनिगी होगूण" सुरू झालं. मला कन्नड येते ती नोकरीसाठी परीक्षा दिलेली, पुस्तकातली. आत्या बोलायच्या ती माहेरची, लहानपणची. त्या पाणी मागत आहेत की आईला हाक मारत आहेत हे मला कळेना, आणि मला कळत नाही म्हणून त्या आणखी बिथरायच्या. सीमाभागात अशी घरं शेकड्यांनी आहेत. आपल्या बेटीव्यवहारानं सीमा कधी मानली नाही, तेव्हा म्हातारपणी कुणाची कुठली भाषा उरेल हे कोण सांगणार? म्हणून माझी मागणी दोन्ही भाषांची आहे. मराठी म्हाताऱ्याला मराठी, आणि मराठी घरातल्या कन्नड म्हातारीला कन्नड.

हैदराबादेत 648 रुग्णांचा अभ्यास झाला होता, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश एक भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, निरक्षर माणसांतसुद्धा. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही. पण ज्या दोन भाषांवरून आपण इतकी वर्षं रक्त आटवलं, त्यांनी कदाचित आपल्या म्हाताऱ्यांना काही वर्षं शहाणपणाची दिली असतील, हे वाचताना मला भरून आलं.

आणि मला सावरलं तेही एका कन्नड बाईनं. गल्लीच्या टोकाला राहणारी, नवऱ्याबरोबर यंत्रमाग चालवणारी बाई. दंडाचा तो प्रकार झाला त्यानंतर वर्षभरानं एक दिवस दारात आली आणि म्हणाली, "बुधवारी आमचा माग बंद असतोय. तीन ते पाच मी बसते अज्जीजवळ. तू जा की कुठंतरी." पहिल्या बुधवारी मी कुठं गेले? खासबागेच्या बस थांब्यावर जाऊन नुसती बसले. एकाही बसमध्ये चढले नाही. परत आले तेव्हा आत्या तिच्या हातातल्या शेंगा सोलत होत्या आणि दोघी कन्नडमध्ये कसल्याशा पावसाबद्दल बोलत होत्या. आठवड्यातले दोन तास, दोन वर्षं. त्यानंतर मी आत्यांवर पुन्हा हात आवळला नाही. माझा स्वभाव बदलला नव्हता. मला बुधवार मिळाला होता.

सरकारकडे काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कर्नाटकात बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मानसोपचार संस्थेच्या सहकार्यानं 2022 पासून मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढं जिल्हा रुग्णालयांपर्यंत तो नेण्यात आला. धारवाडची मानसोपचार संस्था बेळगावपासून दोन तासांवर आहे. राज्य सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची योजना आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या 14416 या नंबरवर मराठीतही बोलता येतं, हा नंबर घरोघरी भिंतीवर लिहून ठेवावा. पण हे सगळं रुग्णाभोवती आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं आयुष्मान आरोग्य विम्याचं कवच केंद्रानं 2024 साली जाहीर केलं, महाराष्ट्रानं 2023 साली सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन सरकारांत वादही झाला. या दोन्ही योजना दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाच्या. स्मृतिभ्रंश दवाखान्यात घालवायचा आजार नाही. तो घरात, अंथरुणाशी, वर्षानुवर्षं चालतो. पाच लाखांच्या कवचात रात्रीची एक झोप बसत नाही. आयकरात गंभीर आजारांसाठीच्या वजावटीच्या यादीत स्मृतिभ्रंशाचं नाव आहे, पण रताळ्याच्या शेतात राबणाऱ्या नाहीतर निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला आयकराचं काय? तिला उपयोगी पडेल ती तरतूद 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ज्याला जास्त आधार लागतो अशा दिव्यांगासाठी मदतनीस भत्ता द्यावा, असं त्याचं कलम 24 सांगतं. हा भत्ता स्मृतिभ्रंशाच्या घरांपर्यंत यावा आणि गोव्यासारखी गृहभेट आशा कार्यकर्त्यांवर आणखी एक ओझं न टाकता, वेगळं मानधन देऊन सुरू व्हावी, या दोन गोष्टींसाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावच्या अधिवेशनात तोंड उघडावं असं मला वाटतं. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या काळात आत्यांसारख्या किती जणी आजारी पडल्या आणि गेल्याही. निकाल कधीही लागो, तोवर कर्नाटक सरकारकडे काही मागायचं नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या घरात एक रात्र काढावी.

सरकार येईपर्यंतचं काय? आपल्याकडे पैरा आहे. रोप लावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. पैसा नाही, उपकार नाही, हिशेब मनात. खानापूरच्या भाताच्या पट्ट्यात बायका अजून पैऱ्यानं लावण करतात. हाच पैरा म्हाताऱ्या माणसाजवळ बसण्याचा का करू नये? गावात अशी पाच घरं सापडली तरी प्रत्येकीला आठवड्यातले दोन तास सुटतात. महिला मंडळं, भजनी मंडळं, बचत गट आहेत, वाचनालयं आहेत. आणि पुरुषांनी यात यायला हवं, पैसे पाठवून किंवा दवाखान्याच्या रांगेत उभं राहून भागत नाही. म्हाताऱ्या पुरुषाला आंघोळ घालायला सुनेला किती अवघड जातं हे तरुण मंडळाच्या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी दोघांना सांगितलं, ते येऊ लागले.

यावर मला दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. एक, घरची अब्रू बाहेर जाते. दोन, आपल्या आईबापांना दुसऱ्यांच्या हवाली करायचं म्हणजे वृद्धाश्रमाची पहिली पायरी. अब्रूचं मी समजू शकते, मीही दोन वर्षं दार लावूनच ठेवलं होतं. ते दार लावलेलं होतं म्हणूनच तो वळ कुणाला दिसला नाही. आणि दुसऱ्याबद्दल मी एवढंच पाहिलं आहे की बुधवार मिळाल्यावर मी आत्यांना आणखी दोन वर्षं घरीच सांभाळू शकले. मिळाला नसता तर काय झालं असतं हे मला माहीत आहे आणि ते लिहायचं बळ माझ्यात नाही.

ज्या म्हाताऱ्याला कन्नडमध्ये प्रश्न विचारले होते त्याच्याकडे आता मी बुधवारी जाते. तीन ते पाच. तो बोलत नाही फारसा. उजवा हात मधूनमधून धोटा फेकल्यासारखा हलतो, मग मी समोर बसून सुताची गुंडी त्याच्या हातात देते, तो गुंडाळत बसतो. पहिल्या दिवशी त्याच्या सुनेला म्हटलं, जा की कुठंतरी. ती कुठंच गेली नाही. आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. पाच वाजले, मी हाक मारली नाही. साडेसहाला ती उठून बाहेर आली, घाबरून घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "पुढच्या बुधवारी येणार काय हो बाई?"